तुले शांती देवो

आमच्या लुथरन चर्चच्या मंडळीत पाळकाचं, म्हणजे पाद्रीचं, शिक्षण घेणारा एक जण शिकाऊ म्हणून आला. त्याच्या कॉलेजात म्हणे सकाळ-संध्याकाळ उपासना. मी म्हटलं, "मग शिकता कवा गा?"

बायकोच्या ऑपरेशनच्या सकाळी तो दवाखान्यात आला. भीतीनं ती माझा हात सोडून नव्हती राहिली. त्याले धीराचं काही सुचेना. मग त्यानं डोळे मिटून उपासनेतला रोजचा आशीर्वाद म्हटला. पुस्तकात 'तुला' आहे, याच्या तोंडून निघालं, "देव तुले राखो, तुले शांती देवो."

ती हसली. "हा तर आपल्या भिवापूरकडचा दिसते," म्हणाली, अन् हात सोडून आत गेली.

आज ती माझ्यासंग चहा पिऊन राहिली आहे. ते कॉलेजवाले शिकतात कवा, हे मले समजलं: त्या रोजच्या उपासनेतच. त्याले मात्र मी तसं सांगितलं नाही.