रिकाम्या खोल्यांचा भाव

माझं आणि आमच्या मोठ्या जाऊबाईंचं कधी फारसं पटलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्यांचं कौतुक केलं तर ते खरं धरता येईल. मी त्यांना ताई म्हणते. चादरी कशा घडी करायच्या यावरून आम्ही जेवढं भांडलोय, तेवढं लोक इस्टेटीवरून भांडत नाहीत. आमचे नवरे सख्खे भाऊ. दोघेही एकापाठोपाठ गेले आणि मागे एक लॉज ठेवून गेले, आणि आम्हाला एकमेकींच्या गळ्यात.

लॉज मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत आहे. गल्लीत पाच लॉज, त्यातलं सगळ्यात अरुंद आमचं. जिन्यावर दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. खोलीत खाट, खुंटी, खुर्ची आणि न्हाणीघरात बादली. आमच्याकडे मजा करायला कुणी येत नाही. येतात ते पेशंटचे नातेवाईक, काखेत एक्स-रेचं पाकीट आणि हातात थर्मास घेऊन. खोली कशी आहे हे ते बघतही नाहीत. गरम पाणी असतं का आणि दार किती वाजेपर्यंत उघडं असतं, एवढंच विचारतात.

पूर्वीपासून गल्लीत एक पद्धत होती. आपल्याकडे जागा नसली की माणसाला नुसतं नाही म्हणून परत पाठवायचं नाही. शेजारी फोन करायचा. ताई फोनवर काय बोलायच्या ते मला पाठ आहे. "एक पाठवतेय. बायको ऑपरेशनला घेतलीय. घाबरलेला आहे, जिन्याजवळची खोली द्या." समोरच्या लॉजचे मालक, जाड भिंगामुळे सगळी गल्ली त्यांना चष्मेवाले म्हणते, तेही असेच आमच्याकडे माणसं पाठवायचे. प्रत्येकाचा भाव वेगळा असायचा. चष्मेवाल्यांचा चढा, कारण त्यांच्याकडे लिफ्ट. आमचा उतरता, कारण आमच्याकडे जिना आणि ताईंचा स्वभाव.

मग यंत्र आलं. म्हणजे लोखंडी वगैरे काही नाही, कॉम्प्युटरमध्ये बसवलेला एक प्रोग्राम. तो विकायला आलेला माणूस टाय लावून, साखर पेरत बोलायचा. म्हणाला, "ही कृत्रिम बुद्धिमत्ता आहे. हॉस्पिटलात गर्दी किती, गल्लीत कुणाकडे किती खोल्या रिकाम्या, सगळं बघून ही रोज सकाळी तुमचा भाव ठरवून देईल. तुम्हाला डोकंच चालवायला नको." पाचही लॉजनी ते घेतलं. आम्हीही घेतलं. चार पैसे जास्त यायला लागले, नव्या गाद्या आल्या, आणि मी मनापासून खूश होते. ताई मात्र सकाळी स्क्रीनवरचा आकडा बघून नाक मुरडायच्या.

एका संध्याकाळी एक माणूस आला. कडेवर पेंगुळलेली मुलगी, चार-पाच वर्षांची असेल. बायको हॉस्पिटलात होती. त्याने भाव विचारला, मी सांगितला. त्याने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि वळला. ताईंनी त्याला थांबवलं आणि कॉम्प्युटरवर भाव खाली आणायला गेल्या. लाल चौकट आली, हा भाव सुचवलेला नाही म्हणून. त्यांनी पुन्हा केला. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा त्यांनी कॉम्प्युटरच बंद केला आणि किल्ली त्या माणसाच्या हातात ठेवली.

तेवढ्यात त्याच्यामागून एक म्हातारं जोडपं आलं. आमच्याकडे तेव्हा नळाच्या कामामुळे बाकीच्या खोल्या बंद होत्या. ताईंनी सवयीने समोर फोन लावला. "भाऊ, दोघं पाठवतेय."

"भरलंय हो वहिनी," चष्मेवाले म्हणाले.

उरलेल्या तिघांनीही तेच सांगितलं. ताईंना कसली शंका आली कोण जाणे, त्या चपला घालून तडक समोर गेल्या, आणि मी त्यांच्या मागे. काउंटरमागच्या फळीवर किल्ल्या लटकत होत्या. एकदोन नव्हे, निम्मी फळी भरलेली.

"भाऊ, हे काय?"

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसला. "वहिनी, यंत्र म्हणतं स्वस्तात देऊ नका. त्यापेक्षा रिकाम्या ठेवा. सगळ्यांनी ठेवल्या की भाव टिकतो. महिन्याच्या शेवटी फायदाच होतो. मीही आधी विश्वास ठेवला नव्हता."

"आणि हे दोघं कुठे झोपणार?"

"ते यंत्राला विचारता येत नाही."

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या जोडप्याला त्यांनी आमच्याच घरात, माझ्या खोलीत झोपवलं. माझ्या! मला एका शब्दानेही न विचारता. मी स्वयंपाकघरात अंथरूण टाकलं आणि चरफडत पडले.

दुसऱ्या दिवशी टायवाल्याचा फोन. आवाजातली साखर थोडी कमी झालेली. "तुम्ही सुचवलेला भाव मोडलात."

"सुचवलेला होता ना? सुचवलेलं ऐकलंच पाहिजे असं कुठे आहे?"

"नाही, तुम्ही अगदी मोकळ्या आहात. फक्त मग लोक खोल्या शोधतात त्या आमच्या ॲपवर तुमचं लॉज वर दिसणार नाही."

आणि खरंच दिसेनासं झालं. लोक आता गल्लीत शिरण्याआधीच मोबाईलवर खोली बघतात. तिथे चार लॉज एकाखाली एक, सगळ्यांचा भाव सारखा, आणि आम्ही कुठेतरी तळाला. खोल्या ओस पडल्या. वीजबिल, धोबी, नळवाला, कुणालाच ताईंचा बाणेदारपणा खायला घालता येत नव्हता. मी रोज सांगायचे, "ताई, ते यंत्र परत चालू करा, आपण काय जगाचा ठेका घेतलाय?" त्या हातातल्या चादरीची घडी घालत राहायच्या. तीही चुकीची.

अशातच बाजारात स्पर्धा खरी चालते की नाही यावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाची बाई आली. वयाने आमच्या मुलीसारखी. कुणीतरी पेशंटच्या नातेवाइकाने तक्रार केली होती. तिने मोकळेपणाने सांगितलं, "दुकानदारांनी एकत्र बसून भाव बांधला तर आम्हाला पकडता येतं. इथे कुणी एकत्र बसलंच नाही. कंपनी म्हणते, प्रत्येकाने आपापला भाव घेतला. तुम्ही पुढे येऊन लिहून द्या की आम्ही लॉजवाल्यांनी मिळून हे केलं. जो पहिला कबूल करतो त्याला दंड माफ होतो."

"आम्ही मिळून नाही केलं," ताई म्हणाल्या.

"पण भाव तर एकच होता."

"होता. मी घेतलाही. ते विचारा, सांगते."

ती गेल्यावर चष्मेवाले आले. ते लॉज संघटनेचे अध्यक्ष. पाय धरायचेच बाकी ठेवले. "वहिनी, तुम्ही बोललात तर आपण सगळेच मेलो. दंड लागला तर तुमचं लॉज आधी बंद पडेल. तुमच्याकडे राहिलंय काय?"

खरं बोलत होते. मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही. ताईंनी त्यांना चहा दिला आणि सुनावणीची तारीख विचारली.

सुनावणीची खोली थंडगार होती आणि खुर्च्या आमच्या गाद्यांपेक्षा मऊ. समोर सुनावणी घेणाऱ्या अध्यक्षा, बाजूला कंपनीचा वकील आणि ती सरकारी अधिकारी पोर, मागे आम्ही पाच लॉजवाले. वकील चांगला तयारीचा होता. त्याने ताईंना विचारलं, "तुम्ही शेजारच्या लॉजना फोन करायचात?"

"हो."

"नेहमी?"

"नेहमी. आमच्या गल्लीची पद्धतच होती ती." हे सांगताना ताईंची मान ताठ. ऐकून त्या अधिकारी पोरीने कपाळाला हात लावला. आपण काय बोललो हे ताईंना कळलंच नव्हतं.

वकील अध्यक्षाबाईंकडे वळला. "पाहिलंत? ही माणसं रोज एकमेकांशी बोलत होती. भाव यांनीच बांधला. आमचं यंत्र बिचारं सल्ला देतं."

गेलं लॉज, असं वाटलं. ताई मात्र उभ्याच राहिल्या.

"बाई, आम्ही बोलायचो तेव्हा पाच लॉजचे पाच भाव होते आणि माणसाला खोली मिळत होती. यंत्र आल्यावर आमचं बोलणं बंद झालं. मग भाव एक झाला आणि खोल्या रिकाम्या राहिल्या. माझ्या समोरच्या माणसाकडे किती किल्ल्या लटकतात हे मला बघायला जावं लागलं. यांच्या यंत्राला घरबसल्या माहीत होतं. समोरच्याचं त्याला माहीत, माझं त्याला माहीत, पाचही जणांचं त्यालाच माहीत. मग एकत्र बसलं कोण? आम्ही की ते?"

वकील म्हणाला, "हा कायद्याचा मुद्दा नाही."

अध्यक्षा म्हणाल्या, "तो मी ठरवीन." मग त्यांनी चष्मेवाल्यांना उभं केलं. "तुमच्या लॉजचा भाव कोण ठरवतं?"

चष्मेवाले वकिलाकडे बघू लागले, मग ताईंकडे. "ठरवत नाही बाई. येतो. सकाळी येतो."

"कुठून?"

"स्क्रीनवर."

"तो का वाढला, हे कधी विचारलंत?"

"कुणाला विचारायचं?"

उरलेल्या तिघांनाही त्यांनी तेच विचारलं. एकालाही आपल्याच लॉजच्या भावाचं कारण सांगता आलं नाही. जन्म गेला या धंद्यात एकेकाचा! शेवटी प्रश्न ताईंकडे आला.

"माझा मी ठरवते," ताई म्हणाल्या. "म्हणून तर माझं लॉज रिकामं आहे."

वकील उसळला. "म्हणजे जबरदस्ती नाही हे त्या स्वतःच सांगतायत!"

"रिकामं आहे म्हटलं ना साहेब. तुमच्याकडे जबरदस्ती अजून कशाला म्हणतात?"

मला टाळी वाजवावीशी वाटली. तिथे चालत नाही म्हणून नाही वाजवली.

निकालाला पुष्कळ वेळ लागला. पाच लॉजची आतली माहिती एकाच यंत्राने गोळा करून सगळ्यांना भाव द्यायला बंदी आली. ऐकलं नाही म्हणून कुणाला ॲपच्या तळाला टाकायलाही. कंपनीला मोठा दंड झाला आणि ती वरच्या कोर्टात गेली. चारही लॉजना दंड झाला. आणि आम्हालाही. घेतलेल्या भावापुरता, पण झाला.

तो कागद वाचून माझा तोल सुटला. "एक अर्ज करायचा होता ताई, एक! सुटलो असतो. आता धोब्याला काय सांगू? तुमचा हट्ट आणि भरायचं दोघींनी!"

"अर्जात लिहायचं होतं की चष्मेवाल्यांशी मिळून कट केला," ताई म्हणाल्या. "कट करायला आधी पटावं लागतं. तुला ठाऊक आहे, माझं कुणाशी पटत नाही."

"म्हणून दंड भरायचा?"

"घेतला त्याचा भरू. हप्त्याने भरू. पण जे केलं नाही त्याची माफी मी मागणार नाही. आता उठ, वरच्या खोलीतले निघालेत, चादरी बदलायच्यात."

मी उठले. जिन्यात समोरून थर्मासवाला एक माणूस खाली येत होता, तर ताईंनी मला भिंतीशी सारलं आणि त्याला आधी वाट दिली.