कुशाबाच्या कातळाचा देव

घाटघरला आमच्या शेजारी कुशाबा राहतो. माणूस गुणी, फक्त त्याला काही सुचलं की गावानं सावध व्हावं.

त्याच्या बांधाला काळा कातळ आहे. त्याच्या पोकळ्यांत पांढरे चमकते खडे. लहानपणी आम्ही त्यावर ओल्या चड्ड्या वाळवायचो. मग पुण्याहून भूगर्भशास्त्राच्या सोनल मॅडम विद्यार्थी घेऊन आल्या. "हा लाव्हाचा ठेवा आहे," म्हणाल्या, आणि पोरं कुशाबाच्या बायकोकडं, साळुबाईकडं, नाचणीची भाकरी जेवली. तेव्हापासून रविवारी पावणं ठरलेलं. साळुबाईनं शेजारच्या दोघींनाही कामाला घेतलं.

पण काही पावणं जाताना खडे उचकटू लागले. खडे संपले की पावणं संपणार, हे कुशाबालाही कळलं. म्हणून त्यानं एका सकाळी कातळाला शेंदूर फासला. देवाला कोण स्क्रूड्रायव्हर लावतो?

उचकटणं थांबलं, राव! पण नवस सुरू झाले. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या बोअरला पाणी लागलं; श्रेय कातळाला. तेल, हळद, आणि थेट खड्यांवरच खाडखाड नारळ. मीही एक फोडला. खोबरं गोड निघालं.

तेवढ्यात मॅडमचा निरोप आला. रविवारी बाकीच्या कॉलेजांचे लोक बघायला येणार. कातळ पसंत पडला तर सगळ्या कॉलेजांच्या सहलीत कायमचा.

कुशाबा धापा टाकत आला. "भाऊ, शेंदूर खरवडू का?"

"खरवड की. मग गाव तुला खरवडंल."

दुसऱ्या दिवशी साळुबाई पाणवठ्यावर बायकांना म्हणाली, "देव सपनात आला व्हता. म्हनला, हितं उन्हात लई भाजतंय, मला जांभळीखाली न्या."

देवानं जागा मागितली की आमच्याकडं कुणी वाद घालत नाही. ओढ्यातला गोल धोंडा वाजतगाजत जांभळीखाली बसला. मग बायकांनी कातळाचा शेंदूर राखेनं हळूच पुसून काढला.

"नारळ आता तिकडं," साळुबाईनं बजावलं. "हितं नुसतं बघायचं."

रविवारी मंडळी आली. एक चष्मेवाले गृहस्थ खाचेत वाकले. "मॅडम, हा तांबडा थर कसला?"

कुशाबा आभाळाकडं बघू लागला.

"त्यो आमच्या ह्यांच्या अकलेचा थर हाय," साळुबाई म्हणाली. "नवा हाय. घट्ट व्हायचाय अजून."

सगळी हकिकत ऐकून मॅडम हसत हसत बांधावरच बसल्या. कातळ सहलीत बसला, आणि राखणीला काठी घेऊन खुद्द कुशाबा.

परवा तो हळूच म्हणाला, "भाऊ, मला आणखी एक सुचलंय."

साळुबाईनं चुलीपासून ऐकलं आणि त्याला कांदे चिरायला बसवलं.