आईच्या पाटल्या आणि वीज कंपनी

मी दुसरीत असताना बाबांनी आईच्या सोन्याच्या दोन पाटल्या विकून मुंबईच्या एका वीज कंपनीचे शेअर घेतले. दहा-बारा वर्षांत दोन्ही पाटल्या परत हातात घालीन, असा शब्द त्यांनी दिला होता. बाबा चंद्रपूरला वनखात्यात कारकून. सागाची लावण आणि खोडाच्या गोलाईची मोजणी असल्या कागदांत त्यांची हयात गेली. त्यामुळे शेअर म्हणजेही सागच, लावायचा आणि विसरायचा, असं त्यांचं ठाम मत होतं.

दसऱ्याच्या आधी कंपनीचा लाभांश यायचा. दीक्षाभूमीला जाण्यासाठी त्यातून पांढरे कपडे घ्यायचे, हा घरचा रिवाज. सोबतचं इंग्रजी पत्र वाचून दाखवणं माझं काम. एरवी पाहुणे आले की आत पळणारी मी, त्या दिवशी कंपनीच्या अध्यक्षांच्या वतीने बोलायचे.

पहिल्या वर्षी आईचं लुगडं, बाबांच्या शर्टाचं कापड आणि माझा फ्रॉक, एवढं आलं. पुढे फ्रॉक गळाला, मग शर्ट. लाभांश मात्र कधी घटला नाही, उलट थोडा वाढतच होता. पंच्याऐंशी साली कापड दुकानातल्या चाचांनी रक्कम ऐकली आणि आईपुढे फक्त ब्लाउजपीस ठेवलं.

"बाई, औंदा कंपनीची ऐपत एवढीच दिसून राह्यली."

"पुढच्या साली रुमाल घेऊ," आई म्हणाली.

घरी आल्यावर बाबांनी वर्तमानपत्र काढलं. घेतल्यापासून शेअरचा भाव दुप्पट झाला होता, म्हणजे पाटल्या आल्यातच जमा. आईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"तू सांग वं. येतील का माह्या पाटल्या?"

उत्तर मला दोन वर्षांपासून माहीत होतं. पण माझ्या इंग्रजी शाळेची फी भरताना बाबांनी स्वतःचे किती शर्ट टाळले, हेही माहीत होतं. मी खुंटीवरची त्यांची मोजणीची टेप काढली.

"बाबा, टेपवरचे आकडे एकमेकांच्या जास्त जवळ छापले, तर झाड न वाढताही गोलाई जास्त भरेल ना?"

"भरंल. नोकरीही जाईल."

"रुपयाची टेप तशी झालीय. शेअर दुप्पट झाले, पण सोनं चौपट झालं. चाचा कापडाचा भाव मनाने वाढवतात. कंपनीला विजेचा दर वाढवायचा तर सरकारला विचारावं लागतं."

एवढं सलग मी घरात कधीच बोलले नव्हते. बाबांनी टेप माझ्या हातातून घेतली आणि सावकाश गुंडाळली. मग फीचे पैसे वसूल झाले, एवढंच म्हणाले.

आठवडाभरात त्यांनी नागपूरला जाऊन शेअर विकले. दुप्पट झालेल्या पैशांत बरोबर एक पाटली आली.

त्या दसऱ्याला आईने जुनं लुगडं, नवा ब्लाउज आणि ती एक पाटली घातली. दीक्षाभूमीच्या गर्दीत ओळखीच्या एका बाईंनी तिचा रिकामा हात पाहून दुसरीचं विचारलंच.

"दुसरी लाईट कंपनीत नोकरीले हाये," आई म्हणाली. "सुट्टी नाई भेटली तिले."

सगळ्यात उशिरा आणि सगळ्यात जास्त वेळ बाबा हसले.