मालकांची पाठ

साखरा गावच्या गयाकाकू कोणत्याही कामाला हात घालण्याआधी आबा कुठे आहेत ते बघून घ्यायच्या. आबा म्हणजे त्यांचे यजमान. ते ओसरीवर दिसले की, "बसलेत बघा देवासारखे, काम न्हाई धाम न्हाई," असं ऐकवायचं आणि मग निवांत पीठ मळायला घ्यायचं. आबांना एकदा छातीत दुखून नांदेडच्या दवाखान्यात न्यावं लागलं होतं, तेव्हापासूनची ही सवय. "मला त्यांच्या आधी जायाचंय, कुंकवासगट," हे त्या आल्यागेल्याला सांगत, सेनगावची बस कधी आहे ते सांगावं तितक्या सहज.

मी जवळच्याच सेनगावचा. पुण्याला सिनेमा शिकून आलो आणि पहिल्या चित्रपटासाठी काकूंचं अंगण मागितलं. गोष्ट साधी होती, नवरा गेल्याच्या दिवशी एका बाईच्या घरात काय काय होतं एवढीच. मुख्य भूमिकेसाठी नटी ठरत नव्हती. आमच्या दिव्यांची वायर चघळणाऱ्या शेळीला काकू रागावत होत्या, ते बघून मी त्यांनाच विचारलं. "करते की," त्या म्हणाल्या, "पन सैपाक कवा करू मग?" स्वयंपाकाची सोय आम्ही केली. तो त्यांना शेवटपर्यंत पसंत पडला नाही.

संवाद त्या पाठ करत नसत. काय म्हणायचंय ते विचारून घेत आणि आपल्या शब्दांत बोलत. सगळं बरोबर चाललं होतं. अडलं ते शेवटच्या प्रसंगाला. अंगणात नवऱ्याचा मृतदेह, बाई आक्रोश करतेय आणि शेजारीण येऊन तिचं कुंकू पुसते, असं मी लिहिलं होतं. मृतदेहाचं काम परभणीचा एक नट करत होता आणि चादरीखाली शिंकत होता.

"रडते. म्हनशील तितकं रडते," काकू म्हणाल्या. "कुंकू पुसू द्यायची न्हाई."

"काकू, हे सगळं खोटं आहे."

"व्हय रे लेकरा. पन कपाळ तर खरं हाय."

त्यांची आणखी एक अट होती. आबांनी कॅमेऱ्याच्या बाजूला, त्यांच्या अगदी समोर बसायचं, पण पाठ करून.

"पाठ काहून?" आबांनी विचारलं.

"मला तुमी श्वास घेताना दिसले पायजेत. तुमी मातर बघायचं न्हाई. जित्त्या मानसानं सोतासाठीचं रडनं बघू न्हाई."

आबा पालथ्या बादलीवर भिंतीकडे तोंड करून बसले. मला राग आला होता, पण ऊन उतरत चाललं होतं आणि दुसरा दिवस हाताशी नव्हता. शेजारीण झालेल्या गावातल्या बाईला मी सांगितलं की कपाळापर्यंत हात न्यायचा आणि थांबायचं. काकूंनी हंबरडा फोडला. ते रडणं ऐकून शेजारीण माझी सूचना पार विसरली आणि तिने सवयीने खरंच कुंकवाला हात घातला. काकूंनी रडता रडता तो हात झिडकारला. नजर आबांच्या पाठीवरून हलली नाही. चित्रपट त्याच क्षणावर संपवावा लागला.

समुद्रकाठच्या एका शहरातल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात तो निवडला गेला. मी काकूंना आणि आबांना घेऊन गेलो. शेवटचा प्रसंग जवळ आला तसं काकूंनी आबांना कोपराने ढोसलं. "उठा. भायेर जाऊन च्या पिऊन या." भरल्या थिएटरातून आबा सगळ्यांच्या पायांवर पाय देत निमूट बाहेर गेले.

परीक्षक मंडळात देशोदेशीची माणसं होती. अध्यक्ष एक परदेशी बाई. अभिनयासाठीचा विशेष पुरस्कार काकूंना देताना त्या म्हणाल्या, वैधव्याच्या रूढीविरुद्ध इतकं शांत बंड आम्ही पाहिलं नव्हतं. घरच्या हळदीकुंकवाला काकू आपल्या विधवा जावेलासुद्धा बोलवत नसत. ते तिथे सांगण्यासारखं नव्हतं. मग अध्यक्षबाईंनी विचारलं, एवढ्या आकांतात तुमच्या डोळ्यांत कसली तरी निश्चिंती होती, तुम्ही काय बघत होता?

"आमच्या मालकाची पाठ," काकू म्हणाल्या.

दुभाष्याने ते सांगितलं आणि सभागृह उभं राहिलं. पुढे वर्तमानपत्रांतून त्या पाठीचे बरेच अर्थ निघाले. काकू परतीच्या वाटेवर अध्यक्षबाईंबद्दल एवढंच म्हणाल्या, "बाई गुनाची हाय. पन कपाळ मोकळं ठेवती." पुरस्काराची काचेची बाहुली त्यांनी धूळ बसू नये म्हणून फडक्यात गुंडाळून टीव्हीवर ठेवली. ती कशी दिसते ते गावात फारसं कुणाला ठाऊक नाही.

यंदा पोळ्याच्या सुमारास काकू गेल्या. ताप डोक्यात गेला. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. बायका म्हणत होत्या, मागितलं तसं मिळालं. मी तेराव्याला गेलो. आबा ओसरीवर एकटे होते. त्यांना तसं बघून मला पहिल्यांदा काकू नसल्याचं कळलं आणि फार वाईट वाटलं.

"ते शेवटलं दाखव," आबा म्हणाले. "तवा नुसतं ऐकलं व्हतं."

"काकूंनी मनाई केली होती, आबा."

"मनाई करनारी गेली ना. माज्यासाठीचं रडनं ते. आता दुसरं कोन रडनार हाय?"

मी लॅपटॉप उघडून ओसरीच्या पायरीवर ठेवला. आबांनी तो प्रसंग पापणी न हलवता पाहिला. काकूंनी हात झिडकारला तेव्हा ते हसले, "अशीच व्हती." पडदा काळा झाला. मग आबा भिंतीला हात टेकून उठले, अंगणातली बादली आणली, पालथी घातली आणि लॅपटॉपकडे पाठ करून तिच्यावर बसले.

"लाव आनिक एकदा," ते म्हणाले. "तिला दिसलो पायजे."