नवऱ्याच्या मारापुरती थाळी

तुळजाकाकू चहा बशीत ओतून बशी आधी दुसऱ्याला द्यायची. फोनवर बोलताना उभी राहायची, समोर सासरा असल्यासारखी. शेंगांची टरफलं ओच्यात जमवायची. हसताना तोंड झाकायची; शिवी देताना नाही.

ती माझ्या आईच्या वयाची. तरी गावात माझी मैत्रीण तीच.

कळंबजवळच्या आमच्या गावात बायकांच्या मंडळाचा नियम आहे. बाईवर हात उठला की थाळी वाजवायची. ऐकेल तिनं आपली थाळी घेऊन तिथं जायचं. या थाळ्यांनी बरेच नवरे वठणीवर आले. मंडळाच्या अध्यक्ष रत्नमालाबाई, काकूची थोरली जाऊ.

दिवाळीआधी रत्नमालाबाईंच्या खळ्यावर सोयाबीनची मळणी होती. मातंग वस्तीतली सोनाली आदल्या दिवशी दुसऱ्याच्या रानात कामाला गेली, म्हणून रत्नमालाबाईंच्या मुलानं, रणधीरनं, तिला मळणीयंत्राच्या तुटक्या पट्ट्यानं मारलं. केस धरून मारलं. मनगट मोडलं, तरी मारत राहिला.

काकूनं जेवणाची थाळी उपडी केली आणि वाजवली. बायका धावत आल्या. खळं कुणाचं ते बघून थांबल्या.

"थाळी ठेव, तुळजा," रत्नमालाबाई म्हणाल्या. "नेम नवऱ्याच्या माराचा हाय. मालकाच्या न्हाय."

"कोण मारतंय ते हाडाला कळतं का, आक्का?"

"लई पुळका आलाय. जा की मग तिच्याच वस्तीत ऱ्हायला."

कुणीतरी हसलं. काकू मध्ये पडली. पुढचा पट्टा तिच्या गालावर बसला.

"चुलती हाय रं तुझी," ती म्हणाली. त्यानं पुन्हा मारलं.

सोनालीनं पोलिसांत तक्रार दिली. काकू साक्ष देणार होती. पण तिची एकटीची साक्ष लोक भाऊबंदकीत काढतील. 'म्या बघितलं' म्हणणारी आणखी एक बाई हवी होती, आमच्या आळीतली. काकू दारोदार फिरली.

"ह्यांना इचारते," एक म्हणाली.

"पोरीचं जमतंय, आत्ता नगं," दुसरी म्हणाली.

तिसरीनं दार लावून घेतलं.

पुढच्या दाराकडे जाताना मारुतीच्या पारापाशी रणधीरनं काकूला पहारीनं मारलं. भर दुपारी. आधी डोक्यात. पडल्यावर पाठीत. दारादारांत बायका उभ्या होत्या. एकही थाळी वाजली नाही. धाराशिवला दवाखान्यात नेताना ती गेली.

रणधीर तुरुंगात आहे. सोनालीच्या तक्रारीला अजून साक्षीदार नाही.

पाराच्या पुढचं दार आमचं. मळणीच्या दिवशी आई खळ्यावर होती. तिला विचारायचं काकूचं राहून गेलं.