वरच्या गावाची अंडी

बारा वर्षं अंडी वाहिली, पण अंडेवाल्यानं स्वतःच्या घरात एक धड अंडं कधी नेलं नाही. घरी जायची ती तडकलेली. टाकून द्यायचं म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं. रस्त्यात सुतळीचा वीतभर तुकडा दिसला तरी तो खिशात जायचा. बायको म्हणायची, "तुमची विजार धुण्याआधी भंगारवाल्याला दाखवायला पाहिजे."

पहाटे पोल्ट्रीतून ट्रे उचलायचे, मोटरसायकलच्या मागं आवळायचे आणि डोंगर चढून आठाच्या आत वरच्या गावातल्या दुकानांत पोचवायचे. एवढंच काम, पण घर त्यावर चालायचं. मग गाडीनं दगा दिला. मूठ पिळली की इंजिन नुसतं बोंबलायचं, चाक आपलं रांगत. डोक्यावर मोळी घेतलेली म्हातारी त्याच्या पुढं निघून जायची.

तीन दिवस उशीर झाला तसा पोल्ट्रीचा मालक कडाडला, "सोमवारी आठाला अंडी वर दिसली नाहीत, तर मंगळवारपासून टेम्पोवाला जाईल. तू मग अंडी उबवत बस."

रविवारी मिस्त्रीनं इंजिनाचं झाकण उघडलं. क्लचच्या प्लेटा काढून वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"जळाल्यात. पूर्ण सेट घाल."

"सेट झेपायचा नाही."

"मग काय झेपतं ते सांग, बाबा."

घासल्या जाणाऱ्या प्लेटा नव्या, स्प्रिंगा जुन्याच, दाब वाढावा म्हणून त्यांच्याखाली एकेक वॉशर, असं ठरलं. लोखंडी प्लेटाही जुन्याच ठेवायच्या होत्या. त्या अंडेवाल्यानं दुपारभर फुटक्या आरशावर पॉलिश पेपर ठेवून घासल्या. बोटांची सालं निघाली.

"जुनं ऑइल फेक. नवीन टाकू," मिस्त्री म्हणाला.

अंडेवाल्यानं घमेल्यात काढलेल्या ऑइलाकडं पाहिलं. महिन्यापूर्वी मेव्हण्यानं दिलेलं ऑइल ते. मेव्हणा एका साहेबाच्या कारवर ड्रायव्हर. "साहेबाच्या गाडीतलं उरलंय, दाजी. तुमच्या खटाऱ्याला असलं जन्मात मिळायचं नाही," असं म्हणून डबा हातात ठेवलेला. आणि खिशात तर आता सुतळीच उरली होती.

"ऑइल मी घरी टाकतो," तो म्हणाला.

"टाकल्याशिवाय किक मारू नकोस. नाहीतर इंजिनही माझ्याच उरावर आणशील."

घमेल्यातलं ऑइल डब्यात भरून घेतलं आणि गाडी ढकलत घरी नेली. बायकोनं जुन्या लुगड्याचं फडकं धरलं, त्यानं ऑइल गाळलं आणि थेंबही न सांडता परत ओतलं. गल्लीत एक चक्कर मारली. गाडी तीरासारखी सुटली. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

सोमवारी तिसऱ्या वळणावर इंजिन पुन्हा बोंबललं आणि चाक रांगायला लागलं. तो उतरला. अंड्यांसकट गाडी ढकलत वर पोचला तेव्हा साडेनऊ वाजले होते. येताना तसाच मिस्त्रीकडं गेला.

मिस्त्रीनं ऑइलात बोट बुडवून चोळलं. "कसलं ऑइल टाकलंस?"

अंडेवाल्यानं सांगितलं. मिस्त्रीनं कपाळाला हात लावला.

"अरे, कारचा क्लच कोरडा असतो. तुझा ऑइलात बुडालेला. त्या ऑइलात इंजिन गुळगुळीत चालायचं औषध असतं. तू नव्या प्लेटांना लोणी चोळलंस! जुन्याही त्यानंच खाल्ल्या."

"चांगलं भारीतलं होतं ते."

"भारीच आहे. कारला."

मग त्यानं प्लेटा धुऊन दिल्या आणि दुकानातल्या उरल्यासुरल्या बाटल्यांतून मोटरसायकलचं ऑइल भरलं.

"नव्या प्लेटाच खराब निघाल्या," अंडेवाल्यानं घरी सांगितलं. मेव्हण्याचं नाव काढलं नाही. बायको संध्याकाळभर मिस्त्रीचा उद्धार करत राहिली.

मंगळवारी पोल्ट्रीत गेला तर टेम्पो भरून निघालेला.

"गाडी नीट झाली, मालक. आता एक दिवस चुकायचा नाही."

"बरं झालं," मालक म्हणाला. "वर दुकानांत आपले रिकामे ट्रे पडलेत. तेवढे खाली आणून टाक. मग तू सुटलास."

तो निघाला. तिसरं वळण आलं आणि गेलं. गिअर बदलायचीही गरज पडली नाही. बारा वर्षांत गाडी इतकी हलकी कधी चढली नव्हती. आठाच्या ठोक्याला तो वर होता.

दुकानदार ट्रे मोजून देताना म्हणाला, "झकास झाली की रे गाडी!"

"झाली," अंडेवाला म्हणाला, आणि रिकामे ट्रे आवळू लागला.