किरकोळ दुरुस्ती

आमच्या जालन्याच्या ऑफिसात प्रोग्राम लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यासोबत ते जे इंग्रजी डॉक्युमेंट लिहितात, त्याचं व्याकरण सुधारणारा मी एकटा. हे काम मला कुणी दिलं नव्हतं. नवीन प्रोग्राम जमेनासे झाले तेव्हा मीच ते ओढून घेतलं.

मी मराठी शाळेतला. आपल्या लिपीत लहान-मोठं अक्षर नसतंच. इंग्रजीतलं ते मी पाचवीत, मार खात शिकलो. त्यामुळे असेल, पण लहान अक्षरानं सुरू झालेलं वाक्य दिसलं की माझं डोकं फिरतं. एकाच पानावर एकच शब्द तीन तऱ्हेनं. पूर्णविराम तर नावालाही नाही. सांगून सांगून थकलो, कुणी ऐकेना. मग मीच बदलून टाकायचो. प्रत्येक बदलासोबत काय बदललं ते एका ओळीत लिहावं लागतं. तिथं मी दरवेळी तेच लिहायचो: किरकोळ दुरुस्ती.

त्यातली एक मी बरेच दिवस कुणाला सांगितली नाही.

बदनापूरहून रोज रेल्वेनं येणाऱ्या एक बाई आमच्याकडे लागल्या होत्या. मुलं मोठी झाल्यावर पुन्हा नोकरीला आलेल्या, तीन महिन्यांच्या बोलीवर. काम पटलं तर कायम. राजूर रस्त्यावरच्या एका बियाण्याच्या गोदामासाठी त्यांनी डॉक्युमेंट लिहिलं: कम्प्युटर बंद पडला तर जुना डेटा परत कसा आणायचा. लिहिलं नीटच होतं. एक वाक्य मात्र थेट कमांडनंच, म्हणजे कम्प्युटरला टाइप करून द्यायच्या हुकमानंच सुरू होत होतं, लहान अक्षरात. मी ते पहिलं अक्षर मोठं केलं. त्या कम्प्युटरला लहान आणि मोठं अक्षर म्हणजे दोन वेगळे शब्द, हे मला वीस वर्षं ठाऊक आहे. पण त्या घडीला मला कमांड दिसली नाही, नुसतं वाक्य दिसलं.

महिन्याभरात गोदामातला कम्प्युटर बंद पडला. तिथला ऑपरेटर कागदावर होतं तसंच बराबर टाइप करत राहिला आणि कम्प्युटर ते घेईना. गाड्या उभ्या, पिशव्यांची लेबलं निघेनात. मॅनेजरचा फोन आमच्या मालकांनी स्पीकरवर टाकला.

"काय साहेब, तुमचं सॉफ्टवेअर रुसलं का? राजूरच्या गणपतीला नारळ फोडू?"

बाईंनी कागदाचा फोटो मागवला आणि बघताक्षणी ओळखलं. लहान अक्षरानं टाइप करायला सांगितलं, डेटा आला. पण तोवर दोन तास गेले होते.

"मी लहानच लिहिल्तं," त्या म्हणाल्या.

"मंग कागदावर मोठं कसं झालं, ताई? खाऊन-पिऊन वाढलं का?" मालक म्हणाले. ऑफिस हसलं. मीही हसलो.

कुणी काय बदललं याची सगळी नोंद असते. मालकांनी ती उघडली नाही, मीही उघडा म्हटलं नाही. मान खाली घालून कुणाचा तरी स्वल्पविराम इकडचा तिकडे करत बसलो. शनिवारी त्यांना सांगण्यात आलं, सोमवारपासून येऊ नका.

चिडायला मी कारणं पुष्कळ शोधली. मालकांची घाई. ऑपरेटरनं जरा डोकं लावायला काय झालं होतं? आणि कमांडनं वाक्य सुरू करतं का कुणी? हे शेवटचं तर मी स्वतःला इतक्यांदा ऐकवलं, की आता त्याचाच संताप येतो.

गेल्या महिन्यात त्याच डॉक्युमेंटची नवी आवृत्ती माझ्याकडे सुधारायला आली. नोंद उघडली. माझं नाव, आणि शेजारी 'किरकोळ दुरुस्ती'. बाईंना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

"मला माहीत होतं, सर. त्याच दिवशी पाहिल्तं मी."

"मंग बोलल्या का न्हाई?"

"तुम्ही समोरच तर बसल्ते. म्हटलं, सांगतील आता. शनिवारपर्यंत वाट पाहिली." मागे स्टेशनवरची घोषणा ऐकू येत होती. "ठेवते, सर. गाडी येऊन राह्यली."

आता त्या कुठं कामाला जातात, हे विचारायचंही मला सुचलं नाही.